आधी कोपर, मग कीबोर्ड

कीबोर्ड उलटा करून पाहा. मागच्या कडेला, दोन्ही टोकांना, प्लॅस्टिकचे दोन चिमुकले पाय दिसतील. नवा कीबोर्ड खोक्यातून निघाला की घरात काय आणि ऑफिसात काय, पहिल्यांदा हे पाय उघडले जातात. कंपनीने दिलेत म्हणजे उघडायचेच असणार, असा आपला हिशेब. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा टायपिंगचा क्लास आहे. तिथे येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी तेच पाय मिटायला लावते. “मॅडम, मग मागची बटणं नीट दिसत नाहीत,” ही तक्रार लगेच येते. बटणं डोळ्यांना दिसायची गरज नाही, बोटांना कळली की झालं, हे माझं उत्तरही ठरलेलं. पण पाय मिटायला लावते ते मनगटासाठी.

माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ती सरकारी नोकरीच्या मागे असलेली मुलं. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. बाकीचे आधीच कामाला लागलेले असतात. जीएसटी भवनाच्या आसपासच्या करसल्लागारांकडे आकडे भरणारी मुलं, कोर्टाची कागदपत्रं टाइप करून देणारे, घरून डेटा एन्ट्री करणाऱ्या बायका. “हात दुखतो” हे यांतला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतो. मी म्हणते, बोट ठेवून दाखव कुठे. कुणी मनगटाच्या वरच्या बाजूला बोट ठेवतं, कुणी करंगळीच्या बाजूच्या हाडाजवळ, कुणी अंगठ्याच्या मुळाशी. एखादी सांगते, दुखत नाही, पण पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येते. बोट कुठे ठेवलं यावरून हात कुठे वाकतोय याचा बराचसा अंदाज येतो.

मशीनचा चढ

कीबोर्डला मागून उचलायची सवय आली टाइपरायटरकडून. मशीनमध्ये प्रत्येक बटण म्हणजे एका लांब दांड्याचं टोक. बटण दाबलं की दांडा हलतो, त्याला जोडलेला खिळा उसळून रिबनवर आपटतो. चार ओळींचे दांडे एकमेकांत न अडकता आत न्यायचे, तर मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा उंच बसवावीच लागते. त्यामुळे बटणं जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जात. तो चढ यंत्राच्या सोयीचा होता. हाताला काय बरं वाटेल, याचा विचार त्यात नव्हता.

मी शिकले ती गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि 2009मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. मधल्या काळात मुंबईत कुठल्याही सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात गेलं तरी तो खडखडाट ऐकू यायचा. क्लासमध्ये सगळ्यांची सुरुवात एकच: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं. आमचे सर हातात स्टीलची फूटपट्टी घेऊन रांगांमधून फिरायचे. मनगट मशीनच्या पुढच्या पट्टीला टेकलेलं दिसलं की पट्टी बोटांवर बसायची. “मनगट हवेत!” हा एकच मंत्र. तेव्हा राग यायचा. पण मशीनवर मनगट टेकवून काम होतच नसे. बटण खोलवर दाबावं लागे, अर्धवट दाबलं तर अक्षर फिकट उमटे. जोर दंडातून आणि कोपरातून यायचा, बोटं फक्त नेमकी जागा गाठायची.

आणखी एक गोष्ट मशीन गुपचूप करून घ्यायचं. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावा हात उचलून कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, ढकलायचं. हिशेब करून बघा. इंग्रजीत पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. 40च्या वेगाला मिनिटात 200 ठोके. ओळीत साधारण 65 अक्षरं धरली, तर मिनिटाला तीन वेळा डावा हात बटणांवरून उठायचा, खांद्यापासून हलायचा. पान संपलं की दोन्ही हात उठायचे: कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद रोलरवर चढवा. चूक झाली की रबर. विश्रांती कुणी मागितलेली नसायची, पण ती मिळायची.

संगणकाने हे सगळं काढून घेतलं. ओळ आपोआप खाली जाते, पान संपत नाही, चूक एका बोटाने पुसली जाते. बटण हलकं झालं. नेहमीच्या कीबोर्डचं बटण सुमारे 4 मिलिमीटर खाली जातं, लॅपटॉपचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग मनगट टेबलावर पडून राहिलं तरी चालायला लागलं, आणि दोन दोन तास एकाच वाकात राहायला लागलं. चढ मात्र मागच्या पायांच्या रूपाने उरला. जर्मन मानकाने 1980च्या दशकात कीबोर्डची मधली ओळ टेबलापासून 30 मिलिमीटरच्या आत आणायला सांगितली, तेव्हापासून कीबोर्ड बारीक झाले. पाय कुणी काढले नाहीत, कारण बघून टाइप करणाऱ्याला मागची अक्षरं दिसायला ते बरे पडतात.

मनगटाच्या आत

बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. विश्वास बसत नसेल तर डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली धरा आणि उजवी बोटं हलवा. मांस आत सरकताना लागेल. तिथून निघालेल्या दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटातून बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या बाजूला मनगटात एक अरुंद बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्याच गर्दीत एक मुख्य नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना ही नस सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. म्हणून मुंग्या कुठल्या बोटांना येतात हे डॉक्टर आधी विचारतात.

बोगद्याची जागा वाढत नाही, पण मनगट वाकलं की आतला दाब वाढतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1981मध्ये तो मोजून दाखवला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या जेमतेम अडीच मिलिमीटर होता. तेच मनगट पुरतं मागे किंवा पुरतं पुढे वाकवलं की तो तीसच्या घरात गेला. ज्यांना या बोगद्यात नस दाबली जाण्याचा आजार, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, होता, त्यांचा दाब मनगट सरळ असतानाही तीसच्या वरच होता. टाइप करताना कुणी मनगट इतकं वाकवत नाही हे खरं. पण थोडा वाक, तोही तासन्‌तास, आणि त्याच वाकातून कंडरांची सारखी ये-जा, हे प्रकरण किरकोळ नाही. शिवाय हात मागे वाकवून धरायचं काम वरच्या बाजूचे स्नायू करत असतात. ते थकतात. मनगटाच्या वर बोट ठेवून दाखवणारी मुलं बहुधा यातली.

मग कार्पल टनेल टायपिंगमुळेच होतो का? लोक तसं धरून चालतात, पण पुरावा तितका पक्का नाही. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या सुमारे सात हजार लोकांचा अभ्यास 2003मध्ये प्रसिद्ध झाला. कीबोर्डमुळे हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, असं त्यात आढळलं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, सांधेवात यांचा त्याच्याशी संबंध जास्त स्पष्ट आहे. जोर लावून पकडायची आणि थरथरणारी हत्यारंही त्याला कारण होतात. आमच्या माझगावात जहाजं बांधली जातात. दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्या कामगाराच्या मनगटाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त धोका आहे, हे मी क्लासमध्ये सांगते.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये हात दुखण्याच्या तक्रारींची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली. कीबोर्ड तर तेच राहिले होते. कामाचा रेटा, सुट्टी न मिळणं, नोकरीची धास्ती यांचाही त्या दुखण्यात वाटा होता, असा निष्कर्ष पुढे अनेकांनी काढला. म्हणून प्रत्येक दुखण्याला मोठ्या आजाराचं नाव देऊ नये. पण आजार नसला तरी दुखणं खोटं ठरत नाही. बरंचसं दुखणं स्नायू थकल्याचं असतं आणि बसण्याची पद्धत बदलली की उतरतं.

फूटपट्टीची परीक्षा

सरांची फूटपट्टी माझ्याकडे आहे, पण मी ती वेगळ्या कामाला वापरते. मुलगी टाइप करत असताना पट्टी तिच्या हाताच्या पाठीवर अलगद ठेवायची: निम्मी पंजावर, निम्मी मनगटाच्या मागे. मनगट सरळ असेल तर पट्टी सरळ बसते. हात मागे वाकलेला असेल तर पट्टी दोन टोकांना टेकते आणि मनगटाजवळ फट पडते. पाय उघडलेल्या कीबोर्डवर त्या फटीत माझं बोट सहज जातं. पाय मिटले की फट कमी होते. पुढच्या कडेखाली, म्हणजे आपल्या बाजूला, दुमडलेला नॅपकिन सरकवला की पुष्कळांची फट नाहीशीच होते. हे कुणीही घरी करून बघावं.

असा उलटा, पडद्याकडे उतरणारा कीबोर्ड ही माझी टूम नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे अॅलन हेज यांनी 1995मध्ये तशा उताराच्या कीबोर्डवर मनगटाची ठेवण मोजली होती, आणि हात मागे वाकणं त्यात कमी झालेलं दिसलं.

पण “पाय कायम मिटा” हा नियमही आंधळेपणाने पाळायचा नाही. खरा नियम असा: कीबोर्डचा उतार आणि कोपरापासून पुढच्या हाताचा उतार एकमेकांना समांतर हवेत. खांदे सैल सोडा, कोपरं अंगाजवळ ठेवा. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर असेल तर हात आडवा राहतो, कीबोर्ड सपाट हवा. कीबोर्ड कोपराच्या खाली असेल तर हात पुढे उतरतो, कीबोर्डही पुढे उतरता हवा. कीबोर्ड कोपराच्या वर असेल तर हात चढतो, आणि तेव्हा मागचे पाय उघडणं मनगटापुरतं बरोबर ठरतं. फक्त त्या वेळी खांदे कानांकडे जातात, आणि मनगट वाचलं तरी मान धरते.

आपल्याकडे बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. बाजारात मिळणारं टेबल साधारण 30 इंच उंच असतं, ते कागदावर लिहायच्या मापाचं. पाच फूट उंचीची मुलगी पाय जमिनीला टेकवून बसली की तिचं कोपर जमिनीपासून जेमतेम 24-25 इंचांवर येतं. म्हणजे टेबलच पाच इंच उंच, वर कीबोर्डची जाडी. मग ती मनगट टेबलाच्या कडेवर टेकवते आणि तिथून बोटं वर उचलते. अशा मुलींच्या मनगटावर आतल्या बाजूला सनमायकाच्या कडेचा तांबडा वळ उठलेला असतो, बरोबर त्या बोगद्याच्या दारात. जुन्या ऑफिसांत टायपिस्टचं टेबल लिहायच्या टेबलापेक्षा बुटकं असायचं, ते उगाच नव्हे.

टेबल कापता येत नसेल तर माणूस उचलायचा. खुर्ची वर घ्या, वर जात नसेल तर घट्ट गादी टाका. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट द्या. जेवायला आता सगळे टेबलावर बसतात, पाट माळ्यावर पडून आहेत. पायाखाली ते उत्तम चालतात.

झ आणि शिफ्ट

मनगट वरखाली वाकतं तसं बाजूलाही वाकतं, आणि मराठी टाइप करणाऱ्यांना हे जास्त भोवतं. इनस्क्रिप्ट घ्या. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986मध्ये ठरवलेली ही मांडणी. स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि ख, घ, झ, ठ, थ, ध अशी महाप्राण अक्षरं शिफ्टवर. आता “माझगाव” टाइप करा. म, काना, आणि मग झ. इंग्रजीचं पी जिथे असतं तिथे झ आहे, उजव्या करंगळीला. त्याच वेळी डावी करंगळी शिफ्टवर हवी. एका अक्षरासाठी दोन्ही करंगळ्या बाहेर ताणल्या जातात आणि दोन्ही पंजे त्यांच्यामागून बाहेर वळतात. छ, ठ, ढ यांचंही तेच. माझं, तुझं, झालं, छान, ठीक: मराठीत असे शब्द पावलोपावली. करंगळीच्या बाजूला बोट ठेवून दाखवणाऱ्यांचं दुखणं बहुतेक इथलं.

याला उपाय मशीनच्या काळातलाच. मनगट टेबलाला चिकटवून करंगळी लांबवायची नाही. अख्खा हात कोपरापासून उचलून त्या बटणापाशी न्यायचा. मनगटाखाली ठेवायच्या मऊ गाद्या मिळतात, त्या थांबलेल्या हाताला. टाइप करताना त्यावर मनगट रोवून बसलं की बोगद्यावर खालून दाब आणि करंगळीला ताण, दोन्ही.

कीबोर्ड मधून दोन भागांत तोडून तिरका लावावा, म्हणजे पंजे बाहेर वळणार नाहीत, ही कल्पना क्लोकेनबर्ग नावाच्या जर्मनाने 1926मध्येच मांडली होती. क्रोमर नावाच्या संशोधकाने 1972मध्ये ती तपासली, आणि मायक्रोसॉफ्टचा तसा कीबोर्ड 1994मध्ये बाजारात आला. चांगली गोष्ट आहे, ज्याला परवडेल त्याने घ्यावी. परीक्षेत मात्र साधा कीबोर्डच समोर येतो, म्हणून मी साध्यावरच शिकवते.

आकडे भरणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची मुदत असते. त्या आठवड्यांत करसल्लागारांकडची मुलं उजव्या हाताने आकड्यांची बटणं आणि त्याच हाताने माऊस, असं रात्रीपर्यंत चालवतात. आकड्यांच्या बटणांमुळे माऊस एक वीत लांब गेलेला असतो, उजवा हात सारखा बाहेर फेकलेला. त्यांना मी माऊस डाव्या हाताने वापरायला शिकवते. चार दिवस कुरकुरतात, मग जमतं.

लॅपटॉपवाल्यांचं एकच दुखणं: पडदा डोळ्यांसमोर आणला तर बटणं छातीशी येतात, बटणं मांडीजवळ ठेवली तर मान मोडते. 2020च्या टाळेबंदीत दहा बाय बाराच्या खोल्यांत लोकांनी इस्त्रीच्या टेबलावर, पलंगावर, शिलाई मशीनच्या फळीवर ऑफिस थाटलं, आणि तेव्हाची सवय अजून सुटलेली नाही. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, चारपाचशे रुपयांचा साधा कीबोर्ड जोडा, तो कोपराच्या उंचीवर आणा. आणि घंटी परत आणा: मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा, वाजला की दोन्ही हात खाली सोडून उठा. बटणंही हलक्या हाताने दाबा. मशीनवर शिकलेली आमची पिढी अजून कीबोर्डवर हातोडे मारते, पण अक्षर तर बटण निम्मं खाली गेलं तरी उमटतं.

काही खुणा मात्र क्लासमध्ये सोडवायच्या नसतात. रात्री मुंग्या येऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, कप हातातून निसटणं, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसत जाणं. असं काही असेल तर जे. जे., नायर किंवा केईएमच्या अस्थिरोग विभागात दाखवा. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही पुष्कळांना बरं वाटतं. गरज पडली तर इंजेक्शन किंवा बोगद्यावरचा जाड पट्टा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया असते. उशीर झाला तर नस पूर्ववत होईलच असं नाही.

पहिल्या दिवशी माझ्या क्लासमध्ये एकही अक्षर टाइप होत नाही. खुर्ची, पाट, नॅपकिन आणि फूटपट्टी, एवढंच. यावर पालक हमखास विचारतात, “फी टायपिंगची घेता ना? मग स्पीड कधी येणार?” मी म्हणते, स्पीड येतो सरावाने आणि सराव होतो न दुखणाऱ्या हाताने. परीक्षेच्या गुणपत्रिकेत मनगटाला गुण नाहीत. पण ती पास झाल्यावर जी नोकरी लागते, ती अठ्ठावन्न वर्षांपर्यंत याच दोन मनगटांवर करायची आहे.